नेब्रास्काचं व्हाउचर आणि गळे काढणारे

ओमाहाकर: परवा इथे एकाने लिहिलं, "व्हाउचर (खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा) रद्द करून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने गरिबांच्या पोरांचं वाटोळं केलं." अहो, २०२३ मध्ये कायदा आला तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानापर्यंत नेला. आमदारांनी काय करावं? मतदानाआधीच तो मोडीत काढून वर्षाला १ कोटी डॉलरचा नवा आणला! लोकांनी पुन्हा सह्या जमवल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के मतांनी तो रद्द केला. त्याच दिवशी राज्यात ट्रंप जिंकले, तेव्हा डाव्यांचा कट वगैरे सांगू नका. कित्येक खेड्यापाड्यांत मुळात खासगी शाळाच नाही, तिथे व्हाउचर घेऊन जायचं कुठे?

वाळवंटातली आई: तुम्ही चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर घेतलंत ना? झाली की तुमची निवड, गृहकर्जाच्या हप्त्यातून! माझ्या मुलाला डिस्लेक्सिया. सरकारी शाळा नुसत्या मीटिंगा घेत राहिली. अ‍ॅरिझोनात ईएसएच्या, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी पालकांच्या खात्यात येणाऱ्या सरकारी पैशातून खास शिक्षिका लावली, आज तो वाचतो. टक्केवारी तुम्हालाच लखलाभ.

ओमाहाकर: मुलाचं ऐकून खरंच बरं वाटलं. पण ती सोय दिव्यांग मुलांना २०११ पासूनच होती. भांडण २०२२ चं आहे, सरसकट सगळ्यांना खुली केली त्याचं. तेही २०१८ मध्ये मतदारांनी तो विस्तार फेटाळलेला असताना!

निवृत्त मास्तर: अमेरिकेचं कशाला उगाळता? आपलं आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) २५ टक्के, म्हणजे खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव जागा आणि फी सरकारची, हे दुसरं काय आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळांना यातून सूट देऊन टाकली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून वाचलं.

संस्थाचालक_७: वाचलं कोण? सरकारने द्यायचे मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेले, तेही वर्षानुवर्षं थकतात. शिक्षकांचे पगार काय लॉटरीतून करू?

मधलीसुट्टी: म्हणूनच वसुली पालकांकडून का? आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या मुलीचा आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला. गणवेश, सहल, 'अ‍ॅक्टिव्हिटी', दर महिन्याला नवी पावती. शेवटी काढली तिला शाळेतून.

संस्थाचालक_७: एका शाळेवरून सगळ्यांना चोर ठरवू नका. दोन महिने शाळा चालवून दाखवा, मग बोला.

मधलीसुट्टी: परवडत नसेल तर बंद करा. शाळेच्या नावावर जमीन घेताना बरी परवडते!

निवृत्त मास्तर: भाषा सांभाळा दोघंही. फरक एवढाच की इथे लॉटरी मूल ठरवते, शाळेला नाही म्हणता येत नाही. तिकडे बहुतेक व्हाउचरांत शाळाच मूल निवडते.

ओमाहाकर: हेच तर म्हणतोय मी केव्हापासून! तुम्ही आरटीईत घुसलात.

वाळवंटातली आई: ठीक, नकाराचा हक्क काढा, उत्पन्नाची अट घाला. पण सगळंच रद्द करा म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या मुलासाठी शाळा दाखवावी.

ओमाहाकर: त्या दोन अटी कायद्यात आल्या तर सह्या गोळा करायला मी स्वतः उभा राहीन. खासगी शाळावाले काय म्हणतात ते तेवढं विचारून या.

संस्थाचालक_७: आमची थकबाकी द्या, मग नेब्रास्काला जा नाहीतर अ‍ॅरिझोनाला.