‘ताप आलाय’ म्हटलं म्हणजे तापाला बोलावणं झालं का?

नगरची_लेक

माझी आई अडुसष्ट वर्षांची. साखरेचा आजार जुना. जानेवारीत तळव्याला चपलेचा फोड आला आणि ती तीन आठवडे कुणाला काही बोलली नाही. मोजे घालून स्वयंपाक करायची. आम्हाला वाटलं, थंडी आहे. शेवटी जखमेचा वास आला तेव्हा कळलं.

का बोलली नाहीस, विचारलं तर म्हणाली, “तोंडानं कबूल केलं की सैतानाला हक्क मिळतो गं.” हे तिला एका गृहप्रार्थनासभेत शिकवलं होतं. ‘मला डायबेटीस आहे’ असं म्हणायचं नाही, ‘मी बरी झाले आहे’ असंच रोज मोठ्यानं म्हणायचं.

ख्रिस्ती घरात बोललेल्या शब्दाला ताकद असते, हे मी मानते. पण ती ऐकणाऱ्या माणसामुळे असते. आमचे आजोबा संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत, प्रार्थनेआधी, दिवसभरात कुणाला टाकून बोलले असतील तर नाव घेऊन माफी मागायचे. सुनांचीही. माझ्या काकू आजही ते सांगताना डोळे पुसतात. असा शब्द वेगळा, आणि आजार पळवायचा मंत्र म्हणून घोकलेला शब्द वेगळा. दुसऱ्या प्रकाराला मी सरळ जादूटोणा म्हणते. तुमचं काय मत?

पिंपरीचा_थोमा

साफ असहमत. ताई, आईंबद्दल ऐकून वाईट वाटलं, पण ढेकणापायी घर जाळू नका.

माझे वडील मला ‘पनवती’ म्हणायचे. रागात नाही, सहज. ‘पनवती, पाणी आण.’ पगार उशिरा झाला तरी पनवती, गाडी पंक्चर झाली तरी पनवती. आज मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. मुलाखतीला गेलो की माझ्या आधी तो शब्द आत जाऊन खुर्चीवर बसलेला असतो. शब्दाला स्वतःची ताकद नाही, हे मला कुणी सांगू नये.

मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहे, हे बायबलात नीतिसूत्रे १८:२१ मध्ये आहे, मी नाही रचलेलं. याकोबाचं पत्र तर जिभेला आगच म्हणतं. इसहाकानं फसून धाकट्याला आशीर्वाद दिला. थोरला एसाव ढसाढसा रडला तरी तो परत घेता आला नाही (उत्पत्ती २७). नुसत्या ऐकणाऱ्यावर असतं तर इसहाक म्हणाला असता, ‘चूक झाली, रद्द.’

मी रोज रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६ मधला आशीर्वाद म्हणतो, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ पासून पुढचा. मुलगी आठवीत आहे. मोबाईलवरची नजर न काढता ‘पप्पा, हात’ म्हणून डोकं पुढे करते. यालाही जादूटोणा म्हणणार?

निवृत्त_पाळक

तुम्ही दोघं एकाच शब्दानं दोन गोष्टी बोलताय.

‘आजार कबूल करू नका’ ही शिकवण आपल्या आजी-आजोबांकडून आलेली नाही. नगरला अमेरिकन मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं; माझ्या घराण्यात चार पिढ्या मंडळीत आहेत, आणि मी लहानपणी हे कधी ऐकलं नाही. ती अमेरिकेतून आली. तिथले उपदेशक ई. डब्ल्यू. केनियन यांच्या लिखाणात तिचं मूळ सापडतं. पुढे केनेथ हेगिन यांनी ती गाजवली. १९७४ साली ओक्लाहोमात त्यांनी बायबल प्रशिक्षण केंद्र काढलं. आपल्या घरांत ती टीव्हीवरून आणि आता मोबाईलवरून शिरली. आधार म्हणून रोम ४:१७ देतात, की जे नाही ते आहे असं म्हणावं. पण ते वचन नीट वाचा, तिथं तसं म्हणणारा देव आहे. आपण नाही.

थोमा, इसहाकाबरोबर बलामही वाचा. पैसे देऊन शाप द्यायला बोलावलेला माणूस म्हणतो, देवानं ज्याला शापिलं नाही त्याला मी कसा शापू (गणना २३:८). नीतिसूत्रे २६:२ मध्ये विनाकारण दिलेला शाप चिमणीसारखा भिरभिरतो, कुठं बसत नाही. आपल्या बायाबापड्या हेच म्हणतात: कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही.

आणि इयोब! सगळं गमावून दुखण्यात पडलेला तो आपल्या जन्मदिवसालाच शिव्या देतो, देवाला नाही नाही ते बोलतो. समजवायला आलेले मित्र मात्र सगळं शुद्ध, छापील बोलतात. शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो इयोब, असं म्हणतो (४२:७). तो आजच्या काही सभांत उभा राहिला असता तर त्याचा माईक काढून घेतला असता.

एक_शेजारी

मी ख्रिस्ती नाही, लुडबुडीबद्दल माफी. आमच्याकडेही वाईट बोललं की आजी म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणते! आणि ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ यावर आम्ही सगळे हसायचो. मोठेपणी एक शंका आली. मांडवाला खरंच आग लागली असेल तर नाऱ्यानं बोलायचं काय?

नगरची_लेक

शेजारीबुवा, हे वाक्य आईला वाचून दाखवलं. हसली. बऱ्याच दिवसांनी.

वसई_ते_म्हापसा

तुमचा वाद पुरुषी आहे (ताई, तुम्हीसुद्धा!). वचनाला वचन लावताय. घरात खरी मारामारी शब्दांची नसते, अबोल्याची असते.

मी वसईची, सासर म्हापशाचं. सासरी रात्री तेर्स, म्हणजे रोझरी, संपली की लहानांनी मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचं. हात जोडून, प्रत्येकापुढे. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा आणि सासूबाईंचा माशाच्या कढीवरून तीन दिवस अबोला होता. तिसऱ्या रात्री त्यांच्यापुढे उभी राहिले. मनात आशीर्वाद मागायची इच्छा शून्य, त्यांच्या मनात द्यायची त्याहून कमी. पण रीत आहे म्हणून मी मागितला, त्यांनी दिला. मग त्याच म्हणाल्या, “उद्या कढी तू कर.”

त्या शब्दात ताकद होती की सवयीत, मला ठरवता येत नाही. पण मनापासून आलं तरच बोलायचं असं ठरवलं असतं, तर आम्ही अजून अबोल्यातच असतो.

पिंपरीचा_थोमा

नाऱ्याचा मुद्दा मान्य. आजार लपवायला लावणं चूकच. पण पाळकसाहेब, याबेस? आईनं दुःखावरून नाव ठेवलं आणि त्याला जन्मभर ते पुसायला प्रार्थना करावी लागली.

निवृत्त_पाळक

आणि देवानं त्याचं ऐकलं (१ इतिहास ४:१०). म्हणजे आईचा शब्द शेवटचा नव्हता. राहेलीनंही मरताना लेकराला बेनओनी म्हटलं, माझ्या दुःखाचा मुलगा. तिच्या नवऱ्यानं, याकोबानं, लगेच बन्यामीन केलं, म्हणजे उजव्या हाताचा मुलगा. तुमच्या ‘पनवती’चंही तसंच आहे, थोमा. तुमच्या वडिलांनी जखम केली. शाप नाही दिला. जखमेवर औषध असतं.

पिंपरीचा_थोमा

पण याकोबानं ते नाव बोलूनच बदललं ना? बापाच्या तोंडून? तेच तर मी म्हणतोय.

(औषधाचं म्हणाल तर वडील आता ऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. मागच्या नाताळला मी विचारलं, मला पनवती का म्हणायचात? म्हणाले, कोण? मी? कधी?)

नगरची_लेक

थोमादादा, ‘जादूटोणा’ हा शब्द तुमच्या हातासाठी नव्हता, तो तेवढा मागे घेते. सभेसाठी मात्र घेत नाही. ज्या शिकवणीनं घरातल्या माणसापासून दुखणं लपवायला लागतं ती कितीही वचनं लावली तरी मला पटणार नाही.

वसई_ते_म्हापसा

आईंचा पाय कसा आहे, ते कुणी विचारलंच नाही.

नगरची_लेक

एक बोट काढावं लागलं. बाकी पाय वाचला. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. आता मात्र सकाळी उठल्यापासून ‘ठणकतंय गं, खाजतंय गं, चादर टोचतेय गं’ चालू असतं. काल रात्री अडीचला उठवून सांगितलं की आत्ता ठणकत नाहीये.