ओल्या कचऱ्याच्या डब्याला वास येतो, काय करू?

प्रश्न: खतासाठी ओला कचरा वेगळा ठेवायला लागलोय पण दुसऱ्याच दिवशी डब्यात पाणी सुटतं, चिलटं येतात आणि घरचे म्हणतात बंद कर हे सगळं. झाकण घट्ट लावलं तर वास अजूनच वाढतो, असं का?

उत्तर १: घट्ट झाकणामुळेच. हवा नाही मिळाली की सडून वास मारणारच. भोकांचं झाकण घे, तळाला कागद घाल, डबा भरायची वाट बघू नकोस.

उत्तर २: कोरडं काय टाकतोस? खत नीट व्हायला कचऱ्यात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३०:१ लागतं, उरल्यासुरल्या अन्नात नायट्रोजन जास्त, म्हणून प्रत्येक थरावर कार्बनसाठी सुकी पानं नाहीतर भुसा. पिळलेल्या फडक्याइतकंच ओलं हवं. आणि प्लास्टिकची पिशवी नको, नंतर तुकडे निवडत बसावं लागतं (मी बसलोय!)

प्रश्नकर्ता: कोरडं काहीच टाकत नव्हतो 😅 आजच भुसा बघतो