मुरगावात मोठ्या यॉटला पायलट घ्यावाच लागतो का?

वास्कोकार
नमस्कार मंडळी. मी वास्कोत एका शिपिंग एजंटकडे नवीनच लागलोय, आतापर्यंत फक्त कोळशाच्या जहाजांची कागदं बघितली. आता डिसेंबरात एक परदेशी झेंड्याची यॉट येतेय, ४६ मीटर, ४९० जीटी (ग्रॉस टनेज), ड्राफ्ट म्हणजे पाण्याखालची खोली तीन मीटरच्या आसपास. कॅप्टनचा मेल आलाय की बोट प्रायव्हेट आहे, बो थ्रस्टर आहे, स्टर्न थ्रस्टर आहे (पुढून-मागून बोट आडवी सरकवणारे पंखे), मग पायलट, म्हणजे बंदरात बोट आत-बाहेर न्यायला वर चढणारा तिथला जाणकार, कशाला लावताय. मालकाला तर थेट मांडवीत पणजीसमोर नांगर टाकायचाय. आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणे तूच शोधून काढ. काय उत्तर देऊ त्याला?

जुना_बोसन
थ्रस्टरचा नि पायलटचा काही संबंध नाही रे बाबा. लांबी पण बाजूला ठेव, आपल्याकडे बघतात ते टनेज. १९०८ च्या पोर्ट्स ॲक्टमध्येच होतं की दोनशे टन नि त्यावरच्या बोटीने पायलट नाहीतर हार्बर मास्टर नाहीतर त्याचा असिस्टंट वर असल्याशिवाय आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेला हलायचं पण नाही. तो कायदा जाऊन आता २०२५ चा नवीन आलाय, तेव्हा बंदराचा चालू नियम नि दर मरीन डिपार्टमेंटकडून लेखी मागून घे, माझ्या आठवणीवर जाऊ नको. पण ४९० जीटीवाल्याने "प्रायव्हेट आहे" म्हणून काही सुटका होत नाही. आणि जीटी म्हणजे वजन नव्हे हे पण सांग त्याला, तो आतल्या जागेचा हिशोब असतो, म्हणून तर बारीक दिसणारी यॉट पण दोनशेच्या वर भरते.

कांदोळीचा_राजू
सगळे पैसे खायचे धंदे. जीपीएस आहे, चार्ट प्लॉटर आहे, पाण्याखालचं पण दिसतं आता. बाहेरच्या देशात यॉटवाल्यांना कोण विचारत पण नाही.

जुना_बोसन
राजू, कोण म्हणतं विचारत नाही? फ्लोरिडात परदेशी बोट सात फूट पाणी खात असेल तरी पायलट लागतो, म्हणजे टनेज नाही, ड्राफ्ट बघतात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या आत ७० मीटर लांबीला लागतो. आणि सुएझ कालव्यात तर शिडाची छोटी बोट असली तरी पायलट घेऊनच जायचं, रात्री इस्माइलियाला थांबून दुसऱ्या दिवशी पुढे. जिथे तिथे मोजमाप वेगळं, एवढंच.

बेतीकार
मला मांडवीचं बोलायचंय कारण खरी गडबड तिथे आहे. मुरगावचं बंदर पोर्ट अथॉरिटीचं, पण मांडवी म्हणजे पणजीचं कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं, ते राज्य सरकारचं. मुरगावची परवानगी मिळाली म्हणजे काबोच्या टोकाला वळसा घालून आग्वादहून आत शिरता येतं असं नाही हां, दोन्हीकडे वेगळं विचारायचं. आणि आग्वादचा बार, म्हणजे नदीच्या तोंडावरचा रेतीचा पट्टा. आमच्याकडे लहान पोराला पण माहीत आहे की पावसात त्या तोंडातून जायचं नाही, खाणीच्या बार्जी पण मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायच्या. २०१७ च्या जुलैत कॅसिनोचं जहाज आत आणायला गेले नि मिरामारच्या रेतीत रुतून बसलं ते सगळ्यांनी चौपाटीवर उभं राहून बघितलंय. राजूच्या कांदोळीला तर रिव्हर प्रिन्सेस ही बोट २००० साली रेतीत लागली ती दहा वर्षांवर तशीच होती. डिसेंबरात दर्या शांत असतो खरा, पण रेती दर पावसाळ्यात सरकते, तेव्हा प्लॉटरवर दिसतंय ते कधीचं मोजलेलं आहे ते आधी बघ. तीन मीटरवाल्याने भरतीलाच यावं, आणि आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, मोठी कुठली ते टाइड टेबलात बघून वेळ माग.

वास्कोकार
धन्यवाद, मांडवीचं वेगळं खातं हे मला खरंच माहीत नव्हतं. अजून एक, कॅप्टन विचारतोय की पायलट चढल्यावर काही झालं तर जबाबदार कोण?

जुना_बोसन
कॅप्टनच. पायलट इथल्या पाण्याचा जाणकार, तो हेडिंग सांगेल, स्पीड सांगेल, टगवाल्यांशी (जहाज ओढणाऱ्या बोटींशी) बोलेल, पण कमांड कॅप्टनकडेच राहते आणि पायलट चुकतोय असं वाटलं तर थांबवायचं काम पण त्याचंच. पनामा कालवा सोडून, तिथे बोट पायलटच्याच ताब्यात जाते. म्हणून चढल्याबरोबर पायलट कार्ड (बोटीची माहिती लिहिलेला कागद) हातात द्यायचं, थ्रस्टर किती ताकदीचे ते त्यात येतंच, तेव्हा दाखव म्हणावं काय ते थ्रस्टर.

पायलट त्याच्या बोटीतून वर चढतो त्या शिडीचं पण विचारून ठेव. मालवाहू जहाजाला नऊ मीटरच्या वर चढायचं असेल तर शिडीला गँगवे (तिरका जिना) जोडून द्यावा लागतो, यॉट बुटकी असते म्हणून ते नसतं, पण त्यामुळे कोणी शिडीच तपासत नाही. मी होतो त्या एका यॉटवर चकचकीत स्टीलची फोल्डिंग शिडी लावलेली, पायलटने खालूनच हात हलवून नाही म्हटलं, मग दोरीची शोधेपर्यंत अर्धा तास बाहेरच घिरट्या. फेंडर पण भरपूर लाव म्हणावं, पायलट बोट घासली तर रंगाचं बिल कोणाला दाखवणार?

बेतीकार
आणि सागवानी डेकवर बूट काढा म्हणतात ते पायलटला आधीच सांगा, नाहीतर ब्रिजवर जायच्या आधी तिथेच वाद.

वास्कोकार
कॅप्टनला सगळं लिहून पाठवलं. थ्रस्टरवर एक शब्द नाही, दोरीची शिडी आहे म्हणतोय, आणि पायलटच्या पायाचं माप विचारलंय, स्लीपर ठेवायला.