मदत हवी आहे: आई-बाबांना चार वाजता खायला काय करून ठेवता येईल?

आई-बाबा सांगलीला दोघंच असतात. बाबा ७९ वर्षांचे, मधुमेह आणि वर-खाली दोन्ही कवळ्या. आईला बीपी, म्हणून मीठ कमी. जेवणाची काळजी नाही, मावशी सकाळी येऊन करून जातात. घोडं अडतं ते दुपारच्या चहाला. खारी, टोस्ट, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातली शेव. बाबांच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे रात्रीपर्यंत उपाशी ठेवणं जमणार नाही.

ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा पाठवला, तर टरफल कवळीखाली जाऊन बसतं आणि बाबा चहा सोडून बेसिनपाशी. फुटाणे चावत नाहीत, डाळ्याचं कूट दिलं तर ठसका लागतो. राजगिऱ्याचा लाडू जीव की प्राण, पण गुळानेही साखर वाढते हे त्यांना पटवून देणाऱ्याला मी जेवायला घालीन! ताकातलं नाचणीचं आंबील दोघांनाही चालतं, पण रोज म्हटलं की आई नाक मुरडते. मुगाचं धिरडं उत्तम, फक्त सकाळचं चारपर्यंत चामट होतं आणि संध्याकाळी पुन्हा गॅसपाशी उभं राहणं आईला झेपत नाही.

तर सकाळी करून ठेवता येईल, मऊ राहील आणि थोडी प्रथिनं पोटात जातील असं काय आहे? मूगडाळीचा ढोकळा चालेल का? खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं, म्हणून तो न घालता, नुसतं पीठ आंबवून कुणी करत असेल तर प्रमाण सांगा. मावशींना फोनवर समजावता येईल इतपत सोपं हवं.