भावाची होणारी बायको फिलिपाईन्सची आहे. बोलणीला आपण जायचं की त्यांनी यायचं?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. माझं माहेर अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठावर, सासर धुळ्याला. धाकटा भाऊ मस्कतला दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. तिथल्याच एका नर्सशी त्याचं तीन वर्षांपासून ठरलंय. मुलगी फिलिपाईन्समधल्या बातांगास प्रांतातली, कॅथलिक, घरात सगळ्यांत मोठी, पाठीवर तीन भावंडं. नाना (माझे वडील) दोन महिने भावाशी बोललेच नाहीत. आईनेच त्यांना वळवलं. "पोर चांगली शे ना, मंग बठ्ठं चांगलं," एवढंच ती रोज म्हणत राहिली. जात-धर्माचा वाद घरात होऊन गेला, तो इथे परत काढत नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

मुलीच्या आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, तुमची वडीलधारी माणसं आमच्या घरी कधी येणार? त्यांच्यात म्हणे मुलाकडचे जेवण घेऊन मुलीच्या घरी जातात, तिथेच तारीख आणि खर्चाचं ठरतं, आणि खर्चही बहुतेक मुलाकडेच असतो. नाना म्हणतात, मुलाच्या बापाने का जायचं? माझ्या लग्नाच्या वेळी हेच नाना एसटीने तीनदा माझ्या सासरी गेले होते, मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा ओट्यावर बसून बराच वेळ पाणीसुद्धा मागितलं नाही त्यांनी. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसरं नावाचं. भावाने तिच्या पासपोर्टची प्रत पाठवली. मधलं नाव बघून नाना समजले ते बापाचं नाव, आणि कॉलवर तिच्या वडिलांना त्याच नावाने हाक मारली. पलीकडे सगळे गप्प. ते निघालं तिच्या आईचं माहेरचं आडनाव. तेव्हापासून नाना मला विचारतात, "पोरनं कुळ कोनतं शे? मामा कोन शे?" मी काय सांगू?

तिसरं पैशाचं, आणि खरं दुखणं हेच. ती पगारातला मोठा भाग दर महिन्याला घरी पाठवते. दोन भावंडं त्यावर शिकतात. लग्नानंतरही पाठवणार, असं तिने स्पष्ट सांगितलंय. नाना म्हणतात, मग ती आपल्या घरची सून कशी?

माझं सांगते. सहा वर्षांपूर्वी नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी खाजगी शाळेत शिकवते, पगार माझा. त्यातले वीस हजार आईच्या हातात दिले आणि वर्षभर सासरी कळू दिलं नाही. ही मुलगी तेच उघडपणे करते. मला तिचा राग येत नाही, हेवा वाटतो. पण नानांना समजेल असं कसं सांगायचं, ते कोणी सांगा.

जहाजी रावेरकर

ताई, एकोणीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली. निम्मे सोबती फिलिपिनो असायचे, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

तुम्ही सांगता त्या भेटीला 'पामामान्हिकान' म्हणतात. 'पान्हिक' म्हणजे पायऱ्या चढून वर जाणं. जुनी घरं खांबांवर उचललेली असायची, म्हणून मुलाकडच्यांनी जिना चढून मुलीला मागायचं. त्याही आधीच्या काळी मुलगा मुलीच्या घरी लाकडं फोडायचा, पाणी भरायचा, तेव्हा कुठे होकार मिळायचा. नानांना सांगा, ते कुणापुढे वाकायला चाललेले नाहीत. आपण गेला नाहीत तर ते लोक समजतील की मुलाच्या घरच्यांना मुलगी नको आहे. एवढा एकच अर्थ तिकडे निघतो.

कुळाचं म्हणाल तर आडनावावरून शोधू नका. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची छापील यादी काढून गावोगाव वाटली, लोकांनी त्यातून घेतली. त्यामुळे एका आडनावाचे सगळे भाऊबंद असतीलच असं नाही. त्यांच्यात बापाकडचं आणि आईकडचं नातं सारख्याच वजनाचं. काका आणि मामा दोघेही 'तितो', आत्या आणि मावशी दोघीही 'तिता'. आपला मामा अंतरपाटामागे उभा राहतो तसा एकट्या मामाचा मान तिथे नाही. तो मान लग्नातल्या 'निनोंग' आणि 'निनांग' यांना, म्हणजे मानलेल्या धर्मपित्याला आणि धर्ममातेला. तेच लग्नाचे साक्षीदार, आणि पुढे नवरा-बायकोचं बिनसलं तर मध्ये पडायचा हक्कही त्यांचाच. आमच्या बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, पोराचा निनोंग दुसरा इंजिनीअर होता. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून ते दोघे एकमेकांना 'कुम्पारे' म्हणायचे आणि सख्ख्या भावासारखे वागायचे.

आता नानांसाठी खास गोष्ट. व्याह्यांना इंग्रजीत शब्दच नाही, मी कितीदा समजावून दमलो. त्यांच्या टागालोग भाषेत आहे: 'बालाए'. व्याहीही बालाए, विहीणही बालाए. साडूला 'बिलास', आणि जावांनाही तोच शब्द. नवरा-बायको दोघांना 'आसावा'. स्त्री-पुरुष असा फरक फारसा नाही, पण वयाचा मान मात्र कडक. मोठ्या भावाला 'कुया', आपण जिभाऊ म्हणतो तसं. मोठ्या बहिणीला 'आते'. आपल्या अहिराणीत 'आते' म्हणजे 'आता', म्हणून सुरुवातीला मला फार गंमत वाटायची.

शहाद्याची आई

माझा मुलगा फिलिपाईन्समधल्या दावाओला डॉक्टरकी शिकतो. मी तीन आठवडे त्याच्या घरमालकिणीकडे राहून आले. पहिल्याच संध्याकाळी तिचा सात वर्षांचा नातू आला, माझा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला आणि "मानो पो" म्हणाला. आपल्या पाया पडण्यासारखंच. माझे डोळे भरून आले.

पैशाबद्दल. त्या बाईंची मोठी बहीण हाँगकाँगला घरकाम करते. हॉलच्या कोपऱ्यात तिने जहाजाने पाठवलेला पुठ्ठ्याचा खोका होता, माझ्या कमरेएवढा. त्याला 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात. माझ्यासमोर उघडला. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेट, बूट, आणि प्रत्येक वस्तूवर पेनाने नाव लिहिलेलं. एका बुटाच्या जोडीवर नाव होतं ते चुलत भावाच्या मुलाचं. बाई तो बूट छातीशी धरून मला म्हणाल्या, माझ्या 'आते'ने मला शिकवलं, आता ती चुलत भावाच्या पोरालाही विसरत नाही. त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्के रक्कम परदेशातली माणसं पाठवतात. ती अशीच घराघरांतून आलेली असते.

ह्यामागे त्यांचा एक शब्द आहे, 'उतांग ना लोओब', अंतःकरणावरचं ऋण. आई-बापाचं ते फिटत नाही असंच मानतात. तुमची वहिनी ते सोडणार नाही, आणि सोडायला लावूही नका. पण भावाला सांगा, किती आणि कुठल्या भावंडाचं शिक्षण पुरं होईपर्यंत, हे लग्नाआधी दोघांनी बसून ठरवावं. तिकडे नवरा पगार बायकोच्या हातात देतो आणि घराचा हिशेब बायको बघते, ही रीत सर्रास आहे. भावाला हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणखी एक. तिच्या भावंडांपैकी कुणाचं लग्न यंदा असेल तर विचारून घ्या. सख्ख्या भावंडांनी एकाच वर्षात लग्न करायचं नाही, त्याला 'सुकोब' म्हणतात. तरुण मुलंसुद्धा मोडायला धजत नाहीत.

धुळ्याची वकील

कायद्याचं थोडक्यात सांगते. त्यांचा कौटुंबिक कायदा ३ ऑगस्ट १९८८ पासून लागू आहे. लग्नाचं वय दोघांनाही १८. तिथे लग्न केलं तर भावाला मनिलाच्या भारतीय दूतावासाकडून विवाहास पात्र असल्याचा दाखला लागेल, मग अर्जाची दहा दिवस जाहीर सूचना, आणि परवाना १२० दिवस चालतो. चर्चमध्ये करायचं असेल तर बिशपची वेगळी परवानगी. इथे केलं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, ३० दिवसांची नोटीस. कायदेशीर लग्न एकाच ठिकाणी करा, दुसरीकडे फक्त सोहळा.

नानांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, फिलिपाईन्सच्या कायद्यात सख्ख्या मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालं तर ते रद्दबातल धरतात, चुलत भावंडांसारखंच. दोन, मुस्लिमांचा वेगळा कायदा सोडला तर तिथे घटस्फोटच नाही. मे २०२४ मध्ये त्यांच्या कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. जोडीदार परदेशी असेल आणि बाहेर घटस्फोट झाला तर फिलिपिनो व्यक्तीला पुन्हा लग्न करता येतं; नाहीतर लग्न मुळातच सदोष होतं असं दाखवून ते कोर्टातून रद्द करून घ्यावं लागतं. ती मुलगी लग्नाला हो म्हणते तेव्हा ती आयुष्यभराचंच म्हणते.

वारसाहक्कात औरस मुलगा आणि मुलगी सारखेच.

एरंडोलकर

सगळं ठीक. पण कानबाई देवीच्या रोटांचं, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचं काय? ते भाऊबंदांच्या घरातलेच खातात. ती सून काय म्हणून बसणार? नानांचं दुखणं तुम्ही कोणी समजूनच घेत नाही आहात.

बोरीकाठची

दादा, रोटांचा विषय तुम्ही काढलात ते बरं झालं, मला पण तो छळतो. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या पुरुषांची नावं घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू मोजतात. भावाच्या नावाची मूठ तो मस्कतला असला तरी पडते. मी माहेरी असेपर्यंत ते गहू मी निवडले, पण माझ्या नावाची मूठ कधी पडली नाही. तेव्हा ती काय म्हणून बसणार हे मला विचारू नका. सून म्हणून तिचा तिथे बसायचा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे.

बाकीच्यांना, हात जोडून आभार. रविवारी माहेरी जाऊन नानांना सगळं वाचून दाखवलं. पैशाचं ऐकून गप्प राहिले. मग त्या वीस हजारांचंही सांगून टाकलं, ते त्यांना माहीतच नव्हतं, आईने स्वतःजवळचे म्हणून दिले होते. नाना उठून गोठ्याकडे गेले. बऱ्याच वेळाने आले आणि फक्त म्हणाले, "जवाईले माहीत शे का?" मी म्हटलं, आता आहे.

सुकोबचं मात्र त्यांना लगेच पटलं. "आपलंबी असंच शे," म्हणाले, कारण आमच्याकडे सख्ख्या भावंडांची लग्नं सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. मुलीच्या भावाचं लग्न येत्या डिसेंबरात निघालं, म्हणून आता पुढच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला धरतोय. आणि जायचं आपणच.

काल कॉलवर नानांनी तिच्या आईला "बालाए" म्हटलं. बाई खुर्चीतून उठल्या, आतून नवऱ्याला ओढत आणलं आणि नानांना पुन्हा म्हणायला लावलं.

आता दोन अडचणी. नानांचा जन्मदाखला नाही, फक्त शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर पासपोर्ट झालाय का कुणाचा? आणि आईला सोबत मांडे न्यायचेत. खापरावरून काढलेले मांडे दोन दिवस टिकतील का, की उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ न्यावं?