मदत हवी आहे: गोळीमुळे जठराचा रक्तपुरवठा कमी होतो म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. आम्ही ठाण्यात, चरईत राहतो. बाबा ७१ वर्षांचे. अँजिओप्लास्टी झाल्यापासून रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू आहे. पावसाळ्यात गुडघे धरले म्हणून ते आम्हाला न सांगता मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून महिनाभर घेत होते. तलावपाळीची फेरी चुकू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मग डांबरासारखी काळी शी झाली. अ‍ॅडमिट केलं, एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला. आता घरी आहेत.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी अस्तराचा रक्तपुरवठा कमी केला." बाबांचं म्हणणं, गोळी कायम जेवणानंतर घेतली, तीही आतड्यात विरघळणारी, मग जठराला लागेलच कशी? मला उत्तर देता येत नाही, आणि पटल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. कृपया कुणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद:
ताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. गोळी अस्तराला लागून इजा करते ती थोडीच. मुख्य नुकसान ती रक्तात गेल्यावर होतं, म्हणून कोटिंगनं सुटका नाही.

जठरातल्या आम्लाचा पीएच १-२ पर्यंत उतरतो, म्हणजे ते फार तीव्र असतं. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तरी थोडं आम्ल आत झिरपतंच. ते धुऊन नेतं रक्त. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते असं: आम्ल बनवणारी पेशी एका बाजूनं जठरात आम्ल सोडते, तेव्हाच दुसऱ्या बाजूनं रक्तात आम्ल मारणारं बायकार्बोनेट सोडते, आणि तेच रक्त केशवाहिन्यांतून वरच्या पेशींकडे जातं. विष आणि उतारा एकाच पेशीतून! आम्ल झिरपल्याचं तिथल्या चेतातंतूंना कळतं आणि रक्तवाहिन्या रुंदावतात.

हा प्रवाह टिकवायला प्रोस्टाग्लँडिन्स नावाची, शरीरातच बनणारी रसायनं लागतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं नेमकी तीच बनू देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. प्रवाह मंदावला, श्लेष्माही कमी झाला, की झिरपलेलं आम्ल तिथंच राहतं आणि पेशी मरतात. बाबा तर अशी दोन औषधं एकदम घेत होते.

मात्र अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. हेलिकोबॅक्टरची, म्हणजे अल्सर करणाऱ्या जिवाणूची, तपासणी झाली का? शी पुन्हा काळी दिसली तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती:
खूप आभार. हेलिकोबॅक्टरचा रिपोर्ट यायचाय. बाबांना सगळं वाचून दाखवलं, दोनदा. डायक्लोफेनॅकची पट्टी त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिली. आता विचारतायत, गुडघ्याला वरून जेल लावलं तर चालेल का?