मदत हवी आहे: स्पिटफायरला कुठलं इंजिन बसवू?

नमस्कार मंडळी,

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश गाडी, १९६८ची. मामांनी मुंबईत असताना हौसेने घेतलेली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. देवरुखला आमच्या मांगरात उभी आहे. पत्रा बराचसा शाबूत आहे. खाऱ्या वाऱ्यापासून इतकी आत ठेवल्याचा तेवढा फायदा झाला. रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला असती तर एव्हाना नुसती चासीच उरली असती. आरसी माझ्या नावावर आहे, नूतनीकरणही झालंय.

प्रश्न इंजिनाचा. मूळ इंजिन १२९६ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, नवं असताना ७५ बीएचपी. गेल्या पावसाळ्याआधी क्लच दाबताना खालून आवाज यायला लागला. भावाला क्लचवर बसवून मी पुढून बघितलं, तर पाय दाबला की क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) पुली पुढे सरकते आणि सोडला की मागे जाते. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडला तर तळाच्या काळ्या तेलात थ्रस्ट वॉशरची, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या वॉशरची, अर्धी चकती पडलेली. या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगला फक्त वरच्या बाजूला अर्ध्या चकत्या असतात. त्या झिजल्या की गळून पडतात आणि मग क्रँक सरळ ब्लॉकलाच घासत बसते. आमच्या ब्लॉकलाही घासलीय, नख अडकेल एवढी खाच आहे. शिवाय एका बोअरमध्ये (पिस्टन चालतो त्या नळीत) गंज धरलाय. आमचा मेकॅनिक म्हणतो, ब्लॉक गेला, आता दुसरं इंजिन बघा.

तीन-चार पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे स्टँडर्ड हेराल्डचं ९४८ सीसी. मद्रासला बनायची ती हेराल्ड, तिचं इंजिन याच खानदानातलं, त्यामुळे माउंटिंगची फार कटकट नाही आणि भंगारात नशिबाने मिळूनही जातं. पण ताकद चाळीस बीएचपीच्या आसपास. आंबा घाटात ट्रकमागून दुसऱ्या गिअरवर रांगायचं तर स्पिटफायर कशाला हवी?

दुसरा पर्याय मारुती जिप्सी किंगचा, आणि माझा ओढा तिकडेच आहे. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, इंजेक्शनवालं, ८० बीएचपी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणजे ट्रायम्फच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा हलका. गाडीच्या लांबीत बसणारं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी असल्यामुळे ती बाजूला काढून गिअरबॉक्समधून शाफ्ट थेट मागे नेता येतो. तिसरा मारुती ईकोचा. तीही मागच्या चाकांवर चालणारी, आणि तिचे पार्ट तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. इंग्लंडातून रिबिल्ट १२९६ मागवायचा विचारही केला, पण भाडं आणि कस्टम धरून आकडा मांडला आणि कागद घडी करून ठेवून दिला.

वापर म्हणाल तर रविवारचा. रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे, कधीमधी कोल्हापूर. शर्यत लावायची नाहीये. पावसात गाडी बाहेर काढत नाही.

जिप्सीचं इंजिन अशा गाडीत कोणी बसवलंय का? सम्प पुढच्या क्रॉसमेंबरला अडतो का? आणि आरटीओत काय होतं?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लोक तो शेवटीच विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर नवा नंबर आरसीवर चढवून घेणं हे समजण्यासारखं काम आहे. ट्रायम्फच्या आरसीवर मारुतीचं इंजिन चढवायला निघालात तर खेटे घालत बसाल. तसंच दडवून फिरवलंत आणि उद्या कुठे ठोकाठोकी झाली, तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघेल.

अजून एक. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. तुमची गाडी वयात बसते. जिप्सीचं इंजिन टाकलंत की तो दरवाजा बंद. अर्थात व्हिंटेज नोंदणीवर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभालीपुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. पुळ्याच्या चकरा त्यात बसत नाहीत, तेव्हा त्या वाटेला जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

प्रतिसाद २

मालक, तुमचेच आकडे परत वाचा. १२९६ काढून १२९८ घालताय. दोन सीसी आणि पाच बीएचपीसाठी एवढा खटाटोप?

इंजेक्शन घेतलं की टाकीत पंप आला, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आला, अख्खं वायरिंग आलं. कोकणातल्या दमट हवेत त्या कनेक्टरना हिरवं चढतं, मग एका सेन्सरपायी गाडी घाटात उभी. तुमचा रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) डिस्ट्रिब्युटरवरून केबलने फिरतो, जिप्सीला ती केबल लावायला जागाच नाही. तुमचा क्लच हायड्रॉलिक, तिचा केबलचा. प्रत्येक गोष्टीला तोड निघते, पण तोडी काढता काढता दोन वर्षं जातात आणि गाडी मांगरातच राहते.

ब्लॉक गेला असं मला तरी वाटत नाही. घासलेला थ्रस्टचा भाग मशीनवर साफ करून जाड वॉशर बसवतात. खालच्या कॅपलाही अर्धी चकती पिन मारून बसवली की गळून पडायची भीतीच नाही. गंजलेला बोअर वाढवा, ओव्हरसाइझ पिस्टन घ्या, नाहीतर स्लीव्ह घाला. या इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, वॉशर इंग्लंडात आजही नवे बनतात आणि कुरिअरने येतात. अख्खं इंजिन मागवायची गरज नाही. खोलताय तर पेट्रोलचे सगळे पाइप आणि कार्ब्युरेटरचे रबरी भाग पण बदला. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ते जुनं रबर खातं.

तुमच्या मेकॅनिकला दोष देत नाही. रोज डिझेल पिकअप उघडणाऱ्याला असला ब्लॉक बघून दुसरं इंजिन टाका असंच सुचणार.

प्रतिसाद ३

ह्या सगळ्यात माझो काय उपयोग नाय. पण गाडी इकूची झाली तर आधी माका सांगा.

धागाकर्ता

विकायची नाही हो, मामी घरात घेणार नाहीत.

दोन सीसीचं गणित खरंच डोक्यात आलं नव्हतं, पाच गिअरच्या मोहात होतो. जिप्सी बाद. ईकोचं पण तेच, कागदांची भानगड तिथेही आहेच. ब्लॉक वाचवता येतो का ते आधी बघतो. इंजिन उतरवणं सोपं आहे, या गाडीचं अख्खं नाक पुढे उलटतं, टायरवर बसून काम करता येतं.

आता नेमकी मदत हवी ती ही: मिरकरवाड्यातले लेथवाले बोटींच्या इंजिनांत तरबेज आहेत, पण थ्रस्ट फेसचं काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचं, त्यामुळे कोल्हापूरला उद्यमनगरात न्यावं म्हणतो. तिथे जुन्या ब्रिटिश इंजिनांची लाइन बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग स्वतःच्या मशीनवर करणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि क्रँकचा एंड फ्लोट, म्हणजे पुढे-मागे हलायची मोकळीक, किती ठेवायला सांगू? मॅन्युअलमध्ये आकडा आहे, पण प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्यांचं ऐकायचंय.